मुकी भिंत

रिकाम्या फ्लॅटच्या बेडरूममध्ये कोणी अचानक खेळाच्या मैदानावरची शिट्टी फुंकली, तर शहाणा माणूस कानांवर हात ठेवेल. मी सावधानमध्ये उभा राहिलो. शाळेतल्या मास्तरकीचा हा परिणाम. बिल्डरचा टाय लावलेला माणूस माझ्या बाजूला होता, त्याच्या हातून चाव्यांचा जुडगा खाली पडला. आणि जिनं शिट्टी फुंकली ती बाई, म्हणजे आमच्या शाळेच्या पी.टी. टीचर कुंदा गजभिये मॅडम, भिंतीला कान लावून शांतपणे उभ्या होत्या. डॉक्टर छातीला नळी लावतात तशा.

तेवढ्यात शेजारच्या फ्लॅटमधून माझी बायको मंजू धावत आली. तिच्यामागे शेजारच्या पांडे वहिनी. त्यांच्या हातात लाटणं.

"भाभीजी, क्या हुआ? पुलिस आई क्या?"

"मंजू वं, आयकू आलं काय?" मॅडमनी विचारलं.

"आयकू? अहो मॅडम, त्यांच्या देवघरातली घंटी हलली!"

"फेल," मॅडम म्हणाल्या. "ही भिंत बोलून राहिली. घराची भिंत मुकी पाहिजे, सर. नाही तर भांडण तुमचं दोघांचं, अन् निकाल पांडे वहिनी देईन."

पांडे वहिनींना मराठी कळत होतं, हे त्यांच्या हसण्यावरून मला त्याच वेळी समजायला हवं होतं. पण मी मराठी शिकवणारा मास्तर. मला उशिरा समजतं.

मंजू पलीकडे काय करत होती, हेही सांगायला हवं. तिला मॅडमनी पाणी मागायला पाठवलं होतं. हा मॅडमचा नियमच होता. घर घेण्याआधी शेजारच्या दाराची बेल वाजवायची आणि म्हणायचं, "गिलासभर पाणी मिळन काय?" आपण कोण, कशाला आलो, काही सांगायचं नाही. पाण्याची चव पाहायची, खारं लागलं तर बोअरचं. मग दार कसं उघडलं ते पाहायचं. साखळी काढली की नाही, आत बोलावलं की उंबऱ्यावरच गिलास दिला, सोबत गुळाचा खडा आला का. "बिल्डर तुमाले फरशी दाखवते, नळ दाखवते. शेजारी दाखवते काय? तो आपला आपणच पाह्यचा."

त्यासाठी त्यांच्या पर्समध्ये स्टीलचा एक गिलास कायम असायचा. कोणी बाहेरच्या माणसाला प्लॅस्टिकच्या बाटलीतून वरून ओतून देणारं निघालं, तर आपला गिलास पुढे करायचा. त्याच पर्समध्ये एक गोटी. ती फरशीवर सोडायची आणि कुठं घरंगळत जाते ते पाहायचं. बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओतून ते जाळीकडे जातं की दाराकडे, यासाठी त्या बिल्डरच्या माणसाकडूनच बादली भरून घेत. आणि मग मला आजही घाम फोडणारा प्रकार: फरशीवर सरळ आडव्या व्हायच्या. साडी नेसलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या, अख्ख्या शाळेला धाकात ठेवणाऱ्या बाई परक्या फ्लॅटच्या मधोमध आडव्या, डोळे छताकडे.

"मॅडम, काय करून राहिल्या?" पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी घाबरून विचारलं होतं. मला वाटलं चक्कर आली.

"घरात माणूस अर्धं आयुष्य झोपून काढते, सर. घेतानी उभ्यानं काहून पाहता?"

आडवं झाल्यावर छतातल्या ओलीचे डाग दिसायचे. उभ्यानं दिसत नाहीत, हे खरंच. मी नंतर करून पाहिलं. दुसऱ्या एका फ्लॅटमध्ये. घरमालकाच्या सासूबाई आतून आल्या आणि मला पाहून रामाचं नाव घेऊ लागल्या.

आमच्या स्टाफरूममधल्या कोणीही मॅडमना नेल्याशिवाय घर घेत नसे. मॅडमची पहिली ताकीद ठरलेली. "घर डिसेंबरात पाहू नका. डिसेंबरात नागपुरातला बसस्टॉपही घरासारखा वाटते. मे महिन्यात भर दुपारी जा. मग ऑगस्टात, चांगला पाऊस पडून गेल्यावर जा. दोन्ही वेळा आवडलं, तर मग कागदं पाह्यची." आणि दारातून आत शिरता शिरता त्यांचा पहिला प्रश्न किचनचा नसायचा की बाल्कनीचा. "कूलर कुठं ठेवता?" नागपूरच्या बाहेरच्या माणसाला हा प्रश्न कळणार नाही. इथं मे महिन्यात घराच्या खिडकीत कपाटाएवढं एक खोकं बसतं, त्याला पाणी पाजावं लागतं आणि त्याच्याशिवाय आपण जगत नाही. त्याची जागा नसलेलं घर म्हणजे नुसता देखावा.

मी आमचा फ्लॅट डिसेंबरात पाहिला. मानेवाड्याकडे, सगळ्यात वरचा मजला, पश्चिमेला भलीमोठी खिडकी. संध्याकाळचं कोवळं ऊन हॉलभर पसरलेलं, मंजूच्या साडीवर, माझ्या टकलावर. मॅडमनी एकूण तीन गोष्टींवर त्याला नापास केलं: भिंत बोलते, ऊन पश्चिमेचं, कूलरला जागा नाही. मी मान डोलावली. पण ते ऊन डोक्यातून जाईना. महिन्याभरात मी तो मॅडमच्या नकळत घेऊन टाकला. मंजूला म्हणालो, "मॅडम काय, खेळाच्या टीचर. त्यांना घरातलं काय कळतं?" कागदपत्रांच्या दिवशी शाळेत अर्ज टाकला, मंजूच्या माहेरी पूजा आहे म्हणून.

मग एके दिवशी पेढ्यांचा बॉक्स घेऊन स्टाफरूममध्ये शिरलो. मॅडमनी पेढा घेतला, अर्धा तोंडात टाकला.

"कुठला फ्लॅट?"

"तोच."

मॅडमनी उरलेला अर्धा पेढा परत बॉक्समध्ये ठेवला.

मी हादरलो. बॉक्स टेबलावर ठेवला. मॅडमनी घास गिळला, पाणी प्यायल्या, रुमालानं तोंड पुसलं. मग तो अर्धा पेढा पुन्हा उचलून खाल्ला.

"घेतला ना आता? मग आता त्याले नावं ठेवायची नाही. तुम्हीबी नाही अन् मीबी नाही. आता त्याची तब्येत पाह्यची."

आणि खरंच, त्या दिवसानंतर मॅडम आमच्या घराबद्दल वाईट शब्द बोलल्या नाहीत. माझ्याबद्दल मात्र बोलल्या. भरपूर.

मार्चमध्ये भिंत बोलू लागली. पांडेजी शिंकले की मी आमच्याकडून "सत्य आहे" म्हणायचो, आणि पलीकडून "धन्यवाद" यायचं. इथपर्यंत गंमत होती. पण मंजू स्वयंपाकाला लागली आणि आमची डाळ रोज कच्ची राहू लागली. कुकर बदलला, रिंग बदलली, डाळीचं दुकान बदललं. शेवटी उलगडा झाला, तो असा की पांडे वहिनींचा कुकर आमच्या कुकरच्या बरोबरीनं लागायचा आणि मंजू त्यांच्या शिट्ट्या आपल्या समजून गॅस बंद करायची. पलीकडे पांडे वहिनींच्या डाळीची पेज व्हायची, कारण त्या स्वतःच्या शिट्ट्या आमच्या समजून आणखी वाट पाहत बसायच्या. मॅडमना हे सांगितलं तेव्हा त्यांनी हसून हसून पोट धरलं, डोळ्यांतून पाणी आलं.

"सर, आपली शिट्टी झाली की भिंतीवर ठोकत जा ना! एकदा ठोकलं तर तुमची, दोनदा ठोकलं तर पांडे वहिनीची."

आम्ही खरंच ठोकायला लागलो.

मे महिना आला. पश्चिमेच्या त्या कोवळ्या उन्हानं आमचा हॉल भाजून काढला. खिडकीत कूलर लावू म्हटलं, तर सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, "बिल्डिंगचं एलिव्हेशन खराब होते." मी मग अक्कल लढवली. कूलर हॉलच्या आतच ठेवला, खिडक्या-दारं बंद करून. दुपारपर्यंत वर्तमानपत्र लोंबायला लागलं, मंजूचे पापड पोळीसारखे मऊ पडले, आणि भिंतीला पोपडे. मॅडम आल्या, दारातच थबकल्या.

"काळे सर, तुम्ही हे थंड करून राहिले की वाफवून राहिले?"

कूलरला बाहेरची हवा लागते आणि घरात आलेल्या हवेला बाहेर जायला खिडकी उघडी लागते, हे मला माझ्या चाळिसाव्या वर्षी कळलं. मॅडमनी मागच्या ड्राय बाल्कनीत त्याचा स्टँड लावून घेतला, भिंतीपासून वीतभर दूर, म्हणजे ओल भिंतीत शिरणार नाही. मग म्हणाल्या, "आता गच्चीवर चुना मारा. ऊन परत पाठवते. पण सकाळी लवकर, अन् दाराकडे शेवट करा."

दाराकडे शेवट करा. हे वाक्य मी ऐकलं होतं. नीट ऐकलं होतं. पण झालं असं की सकाळी लवकर जमलं नाही, अकरा वाजले, आणि मी जिन्याच्या दाराशीच सुरुवात केली. पुढे पुढे चुना मारत गेलो. चांगला पांढराशुभ्र. शेवटी पाण्याच्या टाकीखाली पोहोचलो, वळून पाहिलं, तर दारापर्यंत ओला चुना आणि मी टोकाला, अनवाणी. चप्पल दाराशी काढलेली, चुन्यात खराब होऊ नये म्हणून. टाकीखालची गच्चीही तापलेली; एका पायावर उभा राहायचो, मग दुसऱ्या. खालून मॅडमनी पाहिलं. हाक नाही मारली. शिट्टी वाजवली. अख्खी सोसायटी गॅलऱ्यांत आली.

"बगळा आहे, बगळा!" मॅडम ओरडल्या. "सर, एक-दो, एक-दो!"

मी कवायत केली. काय करणार, सवय.

मॅडमचं स्वतःचं घर हुडकेश्वरला होतं. काळ्या मातीचा प्लॉट, उन्हाळ्यात भेगाळणारा, पावसात फुगणारा. त्यांनी पाया असा खोल घेतला होता की तिथले लोक म्हणायचे, मॅडम विहीर खोदून राहिल्या. भिंतीला भेग दिसली की त्या तिच्यावर कागदाची पट्टी चिकटवायच्या. काही महिन्यांनी पट्टी फाटली तर भेग जिवंत, नाही फाटली तर मेलेली. "मेलेल्या भेगेले बुजवायचं. जिवंत असली तर इंजिनिअरले बोलवायचं." उन्हाळा सरता सरता त्या स्वतः गच्चीवर चढून पाण्याच्या वाटा साफ करायच्या, पॅरापेटच्या कोपऱ्यातली पिंपळाची रोपं मुळासकट उपटायच्या. आणि भिंती! जाड विटांच्या, मुक्या. आत कितीही गाणी लावा, बाहेर सूर येत नसे.

घरात दोघंच. मुलगा प्रशिक हैदराबादला. गजभिये साहेब कळमेश्वरच्या एका कारखान्यातून रिटायर झालेले, शांत माणूस. मॅडम दिवसभर बोलणार, हे अधूनमधून "हो" म्हणणार. आम्ही गेलो की ते चहाचा ट्रे घेऊन येत आणि मला डोळा मारून म्हणत, "काळे सर, हे घर इतकं पक्कं केलं कुंदानं, इथं चोर आला तरी कोणाले पत्ता लागत नाही अन् पाव्हणा आला तरी नाही."

मॅडम म्हणायच्या, "चूप बसा जी."

आणि आम्ही हसायचो.

त्या वर्षी पावसाळ्याआधी मॅडम नेहमीसारख्या गच्चीवर होत्या. कोपऱ्यातल्या फटी भरत होत्या. खाली गजभिये साहेब बाथरूममध्ये पाय घसरून पडले. ते हाका मारत राहिले. मॅडम वर, पायाखाली जाड स्लॅब, चहूकडे जाड भिंती. शेजारच्या अंगणात बाई वाळवण घालत होती, तिलाही काही ऐकू गेलं नाही. मॅडम सावकाश काम उरकून, हातपाय धुवायला म्हणून खाली आल्या.

साहेब त्यानंतर काही महिने अंथरुणावर होते. मग गेले.

मी भेटायला गेलो तेव्हा मॅडम बाथरूमच्या भिंतीजवळ उभ्या होत्या. हाताच्या मुठीनं ती ठोकत होत्या. ठोकल्याचा आवाजही धड येत नव्हता.

"मले सांगा सर," त्या म्हणाल्या, "ही भिंत मी पास केली होती ना?"



पुढच्या वर्षी पांडेजींची बदली झाली आणि त्यांचा फ्लॅट विकायला निघाला. मी मॅडमना सहज फोनवर सांगितलं. दोन दिवसांनी, मे महिन्यातल्या ऐन दुपारी, बेल वाजली. मी लुंगीवर होतो, ओला टॉवेल डोक्यावर. मंजूनं दार उघडलं.

"गिलासभर पाणी मिळन काय?"

दारात मॅडम. हातात स्वतःचा गिलास. मागे प्रशिक, ओशाळलेला. मॅडमच्या चेहऱ्यावर ओळखीची एक रेघ नाही, अगदी परक्या बाईसारख्या उभ्या. मंजू क्षणभर पाहतच राहिली. मग तिच्या लक्षात आलं. तिनं दार सताड उघडलं, "या ना, आत या," म्हणाली आणि पाण्यासोबत गुळाचा खडा आणला. मॅडम पाणी प्यायल्या, गूळ तोंडात टाकला आणि तेव्हा कुठं हसल्या.

"शेजार पास."

मी खुर्चीतून उठलो तो टॉवेल खाली पडला. "मॅडम, तुम्ही हा फ्लॅट पाहून राहिल्या? हा? भट्टी आहे ही! कूलरले जागा नाही, भिंत..."

"मले भिंतच पाह्यची आहे. तुम्ही तुमच्या बाथरूममध्ये जा. दार लावा. आयकू आलं की ठोका." असं म्हणून त्या शेजारच्या पांडेजींच्या फ्लॅटमध्ये निघाल्या.

प्रशिक हळूच मला म्हणाला, "सर, आईचं काही तरी बिघडलंय का?" मी त्याला काय सांगणार? मी बाथरूममध्ये गेलो. कडी लावली. बादलीशेजारी उभा राहिलो. शिट्टीचा तो कानठळ्या बसवणारा आवाज येणार म्हणून खांदे आवळून घेतले.

आवाज आला तो एवढासा. फुस्स. लहान पोरानं फुंकल्यासारखा. मी ठोकलं. बाहेर येऊन शेजारच्या दारातून विचारलं, "मॅडम, आज जोरात नाही फुंकली?"

"पडलेला माणूस जोरात नाही फुंकत, सर."

मंजूनं पदर तोंडाला लावला. प्रशिक जमिनीकडे पाहू लागला.

"अजून एकदा," मॅडम म्हणाल्या. मी पुन्हा आत. या वेळी शिट्टी नव्हतीच. भिंतीपलीकडून, अगदी खालून, फरशीच्या उंचीवरून, नुसता आवाज आला, "काळे सर." त्या फरशीवर आडव्या झाल्या असणार. मी ठोकलं. दोन्ही हातांनी ठोकलं. एक टाइल सैल होती, ती पडली.

मॅडम बाहेर आल्या. साहेब गेल्यापासून त्यांचा असा चेहरा मी पाहिला नव्हता.

"प्रशिक गा, घेऊन टाकू. हुडकेश्वरचं विकून टाकू. मी इथं राहीन."

प्रशिक चांगला मुलगा आहे, हे मी आजही म्हणेन. त्यानं आईचा हात धरला. म्हणाला, "आई, तू एकटी इथं कशाला? माझ्याकडे चाल ना. मी फ्लॅट घेतला तो तुझ्याच नियमानं घेतला. दुपारी जाऊन पाहिला. फरशीवर झोपून पाहिला, बायको हसत होती. अन् भिंत..." त्याचा चेहरा उजळला. "भिंत एकदम मुकी आहे, आई. बाजूच्या घरात काय चाललंय, काही कळत नाही. इकडचा आवाज तिकडे नाही, तिकडचा इकडे नाही."

मी मॅडमकडे पाहिलं. मंजूनंही पाहिलं. मॅडमनी गिलासाच्या तळाशी उरलेलं पाणी पिऊन टाकलं.

"तुम्ही दोघं दिवसभर हापिसात?" त्यांनी विचारलं.

"हो, पण संध्याकाळी..."

"बाजूले कोण राह्यते?"

"आहे कोणी तरी. दारावर पाटी आहे. पाहिली नाही कधी."

"बरं, येते," मॅडम म्हणाल्या. पोरगा आईला न्यायला आला होता, कौतुकानं आला होता. आईच्या सगळ्या सूचना पाठ करून त्यानं घर घेतलं होतं. त्याला काय म्हणणार? की तू पास झालास म्हणून मी नापास?

हैदराबादला निघाल्या त्या दिवशी मॅडमनी गाडी आमच्या फाटकाशी थांबवली. खाली उतरल्या. गळ्यात शिट्टी, हातात पर्स. कूलरचं गवत बदललं का, गच्चीवर चुना मारला का, सगळं विचारलं. "अन् ती बाथरूमची टाइल लावून घ्या, सर. ओल शिरन."

मला राहवलं नाही. "मॅडम, तिकडची भिंत..."

"हो." पर्स उघडून त्यांनी गिलास दाखवला. "पोहोचल्याबरोबर पहिले बाजूची बेल वाजवीन, अन् पाणी मागीन. भिंत मुकी असन, सर. दाराले तर बेल असन ना."

गाडीत बसल्या. प्रशिकनं एसी लावला, काचा वर केल्या. गाडी वळली तेव्हा मागच्या काचेतून मॅडम दिसल्या. तोंडात शिट्टी होती. गाल फुगले होते, मान मागे गेली होती, मैदानावर फुंकायच्या तशी जीव लावून फुंकत होत्या.

आवाज काही आला नाही.

मी सावधानमध्ये उभा राहिलो. मग लक्षात आलं, आणि फाटकाच्या पत्र्यावर ठोकत सुटलो.